कळले होते, पण वळले नव्हते : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य आणि जंतुसंसर्गाचा धडा

कल्याणच्या पारनाक्यावरील जोशी घराण्यात जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलेली, डॉक्टर होऊन परतलेली आणि वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच हे जग सोडून गेलेली मुलगी म्हणून त्यांची कहाणी सांगितली जाते. तिच्याकडे जिद्दीची आणि स्त्रीशिक्षणाची कहाणी म्हणून पाहण्याची रीत आहे आणि ती योग्यही आहे. परंतु या आयुष्याला आणखी एक बाजू आहे. जंतूंमुळे रोग होतात आणि ते वैद्याच्या हातावाटे, उपकरणांवाटे व बंद खोलीतल्या हवेवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे सत्य ज्या काळात सिद्ध होत होते नेमक्या त्याच काळात आनंदीबाई शिकल्या. आणि ते सत्य कळूनही अंगवळणी पडलेले नव्हते, अशा काळात त्या एका जंतुजन्य रोगाने गेल्या.

१८६५ चे साल

३१ मार्च १८६५ हा आनंदीबाईंचा जन्मदिवस. माहेरचे नाव यमुना, वडील गणपतराव जोशी. कल्याणला रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. गाव जुन्या वळणाचे होते, घराणेही तसेच.

वैद्यकाच्या इतिहासात हे साल आणखी दोन घटनांसाठी लक्षात ठेवले जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाजवळच्या एका मनोरुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचा जखमेत पू होऊन, रक्तात विष पसरून मृत्यू झाला. याच सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींना होणाऱ्या सूतिकाज्वराचे कोडे सोडवले होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या दालनात येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी आपल्या हातांवरूनच मृत्यू आणतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या विभागात एप्रिलमध्ये शंभरातील अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. तरीही बहुतेक समव्यवसायिकांनी त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. आपल्याच हातांनी रुग्ण मरतो हे कबूल करणे कोणत्याही डॉक्टरला जड जाणारे होते.

दुसरी घटनाही त्याच ऑगस्टमधील. ग्लासगो येथे डॉ. जोसेफ लिस्टर यांनी हाड मोडून उघड्या पडलेल्या एका मुलाच्या जखमेवर प्रथमच कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जखम न चिघळता भरून आली. हात धुण्याचा आग्रह धरणारा माणूस उपेक्षेत संपला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचा प्रारंभ झाला, तो एकाच महिन्यात. यमुना तेव्हा पाच महिन्यांची होती.

दहा दिवसांचे बाळ

वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, यमुनेचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणारे बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, स्वभावाने विक्षिप्त आणि हट्टी. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. त्यापायी त्यांनी जाच केला तसे पाठबळही दिले. दोन्ही गोष्टी आनंदीबाईंच्या चरित्रात एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली आणि वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ चरित्रकारांनी याच प्रसंगात शोधले आहे.

त्या काळच्या बाळंतपणाचे स्वरूप लक्षात घेतले तर या खंतीचा अर्थ अधिक कळतो. बाळंतिणीसाठी घरातली सर्वांत अंधारी आणि बंद खोली राखून ठेवली जाई. सोवळ्याओवळ्यामुळे तिला दूर बसवले जाई, पण हा विटाळ आणि आजची स्वच्छता यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. शेगडीचा धूर कोंडलेला असे, अंथरूण जुनेपाने असे, नाळ कापायला हाताशी येईल ते पाते चाले. पुरुष डॉक्टरसमोर जायचे नाही आणि स्त्री डॉक्टर तर नाहीच. त्यामुळे सुईणीच्या अनुभवावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असे. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी शिकायचे आहे, अशी भूमिका आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतील कॉलेजकडे प्रवेश मागताना मांडली.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता असा प्रवास झाला. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिलेले पत्र वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीमधील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे ताटकळत असताना ते वाचले. त्यातून सुरू झालेल्या पत्रव्यवहारातून मावशी-भाचीचे नाते जुळले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे जाहीर भाषणात सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून पतीविना जहाजावर चढल्या आणि जूनच्या प्रारंभी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यावेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या.

प्रकृती मात्र आधीपासूनच साथ देत नव्हती. बंगालमधील वास्तव्यात डोकेदुखी, ताप, अशक्तपणा आणि धाप यांनी त्या बेजार होत. कार्पेंटरबाई अमेरिकेतून त्यांच्यासाठी औषधे पाठवीत असत.

दोन चित्रांमधले शहर

१८५० साली स्थापन झालेले फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक. डीन डॉ. रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीचीही व्यवस्था झाली आणि १८८३ च्या शरद ऋतूत त्यांचे शिक्षण सुरू झाले.

आनंदीबाई ज्या शहरात शिकत होत्या, त्याच शहरात जंतुसंसर्गाच्या प्रश्नावर चार दशके वाद धुमसत होता. १८४३ साली बोस्टनच्या डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सूतिकाज्वर डॉक्टर आणि परिचारिकांमार्फत पसरतो, असे प्रतिपादन केले. त्यांच्यावर सर्वांत कडवी टीका केली ती फिलाडेल्फियाच्या प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांनी. डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात, तेव्हा त्यांचे हात अस्वच्छ असूच शकत नाहीत, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १८७६ साली स्वतः लिस्टर या शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत आपली पद्धती सांगून गेले. शहरातील नामांकित शल्यविशारद सॅम्युएल ग्रॉस यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. १८८१ मध्ये गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या जखमेत डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया घालून गोळी शोधली. पुढे अडीच महिने त्यांच्या शरीरात पू साठत गेला आणि त्यांचे निधन झाले.

या स्थित्यंतराची साक्ष चित्रकार टॉमस ईकिन्स यांची दोन चित्रे देतात. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळा कोट घालून, उघड्या रक्ताळलेल्या हातांनी शस्त्रक्रिया करीत आहेत. १८८९ च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या झग्यांत आहेत, स्वच्छ कापडे आहेत, परिचारिका उभी आहे. हातमोजे मात्र दुसऱ्या चित्रातही नाहीत. आनंदीबाईंचे विद्यार्थीजीवन या दोन चित्रांच्या मधल्या काळातले आहे.

त्यांच्या कॉलेजात १८८० पासून प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या डॉ. ॲना ब्रूमॉल. त्यांनी व्हिएन्ना आणि पॅरिस येथे पुढील शिक्षण घेतले होते. ज्या व्हिएन्नात सेमेलवाइस यांची उपेक्षा झाली होती, तेथील प्रसूतिगृहांचा अनुभव घेतलेली ही शिक्षिका. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या सभेत सूतिकाज्वराच्या जंतूंची साखळी फळ्यावर काढून दाखवली होती. मण्यांच्या माळेसारखे दिसणारे हे जंतू पुढे स्ट्रेप्टोकॉकस म्हणून ओळखले गेले.

नखे कापलेली सुईण

आनंदीबाईंनी पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदातील ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा त्यात आधार होता. एका विद्यार्थिनीने परक्या देशात आपल्या परंपरेचा अभिमान मिरवण्यासाठी हा विषय घेतला, असे म्हणणे अपुरे ठरेल. बाळंतपण हाच तिच्या देशातील स्त्रियांच्या मृत्यूचा मोठा दरवाजा होता आणि तिच्या स्वतःच्या दुःखाचाही.

या परंपरेत घेण्याजोगे पुष्कळ होते. सुश्रुतसंहितेत प्रसूतीच्या वेळी जवळ राहणाऱ्या स्त्रिया अनुभवी, विश्वासू आणि नखे कापलेल्या असाव्यात, असे सांगितले आहे. सूतिकागृहाला धुरी देण्याचा उल्लेखही प्राचीन ग्रंथांत आढळतो. जंतू ही कल्पना तेव्हा नव्हती. तथापि नखांखाली मळ राहतो आणि तो बाळंतिणीला बाधतो, हे निरीक्षण त्यामागे असावे. आजही रुग्णालयांच्या नियमावलीत कर्मचाऱ्यांची नखे आखूड असावीत, असे कलम असतेच. ग्रंथातला हा नियम एकोणिसाव्या शतकातील अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचलाच नव्हता. युरोपात सेमेलवाइस यांच्या बाबतीत जे घडले, तेच आपल्याकडे सुश्रुतांच्या बाबतीत अधिक दीर्घकाळ घडत राहिले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय पात्रता मिळवली. मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले तेही १८८६ मध्येच. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी नेमणूक केली. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय म्हणून ओळखले जाते. एका अर्थाने देशातील स्त्रियांसाठी रुग्णालयाचे दार उघडू लागले होते आणि त्या दारात उभी राहायला डॉक्टर तयार होती.

जो रोग ओळखला गेला होता

परंतु या सुमारास त्यांचा खोकला आणि ताप बळावला होता. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारा आहार, धूर आणि गारठा यांपैकी एक पत्करावा लागणारी खोली, त्यातच अभ्यासाचा ताण. यामुळे शरीर पोखरले गेले होते. रोग क्षयाचा होता.

क्षयाचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता. २४ मार्च १८८२ रोजी, आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. म्हणजे त्यांना होणाऱ्या रोगाचे कारण जगाला ठाऊक झाले होते. पण औषध नव्हते, आणि तो रोग वारशाने येतो ही समजूत डॉक्टरांमध्येही पक्की होती. ती असल्यामुळे खोकणाऱ्या रुग्णाला वेगळे ठेवणे, थुंकीची विल्हेवाट लावणे, खोलीत वारा खेळता ठेवणे या साध्या गोष्टींकडे रुग्णालयांचे लक्ष गेले नाही. फिलाडेल्फियातीलच डॉ. लॉरेन्स फ्लिक यांनी शहरातील क्षयाच्या मृत्यूंचा अभ्यास करून हा रोग संसर्गजन्य असल्याचे आग्रहाने मांडले ते १८८८ मध्ये, आणि त्यांच्या पुढाकाराने क्षयप्रतिबंधासाठी संस्था उभी राहिली ती १८९२ मध्ये. आनंदीबाईंना या शहराने पदवी दिली; क्षयाविरुद्धची शिस्त या शहराला त्यानंतर काही वर्षांनी गवसली.

क्षयाचा संसर्ग शरीरात शिरला तरी तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतो आणि कुपोषण, श्रम, दुसरे आजार यांनी प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढतो. बालवयातील बाळंतपण, अपुरा आहार, परदेशातील हाल यांचा हिशेब त्या शरीराने असा चुकता केला.

ऑक्टोबर १८८६ मध्ये गोपाळरावांसह त्या परतीच्या प्रवासाला निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई बंदरात उतरल्या. स्वागत झाले, वर्तमानपत्रांनी गौरव केला. पण कोल्हापूरच्या रुग्णालयाची पायरी चढण्याचे त्राण उरले नव्हते. पुण्यात उपचार सुरू राहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे.

पुढे काय झाले

ज्या न्यू जर्सी राज्यात कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना लेकीसारखे ठेवून घेतले, त्याच राज्यातील रटगर्स विद्यापीठात १८८७ नंतर छप्पन्न वर्षांनी, म्हणजे १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयावरचे ते पहिले प्रभावी प्रतिजैविक. आज क्षय पूर्ण बरा होतो. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. बाळंतपणातील स्वच्छतेचेही तसेच. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळेला स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, हे पाच नियम सुईणींना आणि परिचारिकांना वर्षानुवर्षे शिकवले गेले. मातांना लसही देण्यात आली. तेव्हा कुठे २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांमधील धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. धनुर्वाताचा जंतू मात्र १८८४ मध्येच, आनंदीबाई विद्यार्थिनी असताना, ओळखला गेला होता.

आज प्रश्न बदलला आहे. उपचारासाठी रुग्णालयात गेलेल्या रुग्णाला रुग्णालयातच नवा संसर्ग होणे ही जगभरातील डोकेदुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दर शंभर दाखल रुग्णांपैकी सात जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना असा संसर्ग होतो. स्टॅफिलोकॉकस, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही त्यातील नेहमीची नावे. यांतील अनेक जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. त्यामुळे औषधापेक्षा प्रतिबंधाचे मोल पुन्हा सेमेलवाइस यांच्या काळाइतके वाढले आहे.

उपाय साधे आहेत. प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. अल्कोहोलयुक्त द्रावण असेल तर वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ सेकंद. बाह्यरुग्ण विभागात खोकणाऱ्याला रांगेतून बाजूला काढायचे, त्याला मास्क द्यायचा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. हवेतून होणारा संसर्ग रोखण्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये आली, रुग्णालयांतील संसर्गप्रतिबंधाची २०२० मध्ये. कागदावर काही उणे नाही.

कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि गल्लोगल्ली असलेली खासगी प्रसूतिगृहे यांत आज मुली डॉक्टर म्हणून, परिचारिका म्हणून सहजपणे वावरतात. आनंदीबाईंच्या स्वप्नाचा हा भाग फळाला आला. उरलेला भाग डॉक्टरांइतकाच नातेवाइकांच्या हातात आहे. बाळ पाहायला जमलेल्या दहा जणांनी हात न धुता ते उचलू नये, रुग्णाच्या खाटेवर बसू नये, खोकणाऱ्या पाहुण्याने भेट पुढे ढकलावी, आणि तपासण्यापूर्वी डॉक्टरांनी हात स्वच्छ केले का हे विचारण्यात संकोच वाटू नये. डॉक्टरांनीही या प्रश्नाने अपमान मानू नये. मेग्ज यांनी तो मानला होता आणि त्याची किंमत बाळंतिणींनी मोजली.

आनंदीबाईंवर १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत चरित्र लिहिले, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने त्या घराघरांत पोहोचल्या, तर २०१९ मधील चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. शुक्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. गौरवात कसूर राहिलेली नाही. मात्र एकही रुग्ण तपासण्याची संधी कोल्हापुरात न मिळालेल्या या डॉक्टरचे खरे स्मारक प्रत्येक वॉर्डच्या दाराशी असलेल्या वॉश बेसिनपाशी आणि उघड्या खिडकीपाशी उभे राहायचे आहे. कळलेले वळायला शंभर वर्षे लागू नयेत, एवढाच या अल्पायुषी जीवनाचा सांगावा आहे.